फिश टँकला सम्प लावताय? न गळणारं फिटिंग कसं बसवायचं

टाकीच्या खाली सम्प, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी छोटी टाकी, लावायचा ठरला किंवा कॅनिस्टरचे, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरचे, लोंबते होज (मऊ नळ्या) काढून एकदाचं नीट पाइपिंग करायचं ठरलं की मनात पहिला प्रश्न हाच येतो, काचेला भोक पाडायचं आणि त्यातून पाणी येणार नाही हे कशावरून? भीती अगदी बरोबर आहे. इथे ठाण्यात आपण बहुतेक सगळे फ्लॅटमध्ये राहतो, तीन बाय दीड बाय दीड फुटाची टाकी म्हटली तरी साधारण १९० लिटर पाणी, म्हणजे १९० किलो, आणि त्यातलं पाच-सात लिटर जरी रात्रीत टाइल्सच्या खाली गेलं तरी सकाळी खालच्यांच्या पीओपीवर डाग उमटतो. हे लिहितोय ते ज्यांनी आजपर्यंत टाकीला फक्त पाठीवर अडकवायचा फिल्टर लावलाय आणि पाइपला हातही लावला नाहीये अशा लोकांसाठी, त्यामुळे काही गोष्टी फार बारीक सांगेन, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकीचं सोपं जातं. घरातल्या नळावर गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर असतं, चार-पाच मजल्यांचं. फिश टँकच्या फिटिंगवर असतं दीड फूट पाण्याचं, म्हणजे नळाच्या मानाने तिसावा हिस्सा वगैरे. एवढ्या कमी प्रेशरला फिटिंग गळतं ते कमी आवळलं म्हणून क्वचितच गळतं, ते गळतं वाकडं बसलं म्हणून, मध्ये कचरा राहिला म्हणून, त्याच्यावर पाइपचं वजन लटकतंय म्हणून किंवा सुकायच्या आधी पाणी भरलं म्हणून. प्लंबरचा हात नळाला सवयीचा असतो त्यामुळे तो येतो आणि पाना घेऊन करकचून आवळतो, आणि काचेच्या टाकीत नेमकं तेच महागात पडतं.

सामान आणताना

जांभळी नाक्याला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "एक इंची बल्कहेड द्या" म्हणालात तर बऱ्याचदा समोरचा नुसता बघत राहतो. काचेच्या भोकात बसून पाइप जोडायला तोंड देणाऱ्या या फिटिंगला आपल्याकडे टाकी निपल म्हणतात, गच्चीवरच्या काळ्या टाकीला लागतो तोच. टाकी निपल मागितला की लगेच समोरून येतं,

"ॲग्रीचा देऊ का यूपीव्हीसीचा?"

"काय फरक पडतो दादा?"

"पाइप कुठला टाकणार त्यावर आहे सगळं."

हा माणूस तुमचं भलं करतोय, कारण निम्मी गळती इथेच ठरते. करडा शेतीचा पीव्हीसी पाइप मिलिमीटरमध्ये येतो, २०, २५, ३२, ४०, आणि ते माप बाहेरच्या व्यासाचं असतं. पांढरा यूपीव्हीसी, जो बिल्डिंगच्या प्लंबिंगला वापरतात, तो इंचात येतो आणि त्याच्या नावाचा आणि बाहेरच्या मापाचा काही संबंध नसतो, अर्धा इंची पाइप बाहेरून २१.३ मिमी, पाऊण इंची २६.७ आणि एक इंची ३३.४. गरम पाण्याचा तो पिवळसर सीपीव्हीसी, त्याचं अजून तिसरंच, पाऊण इंची २२.२ आणि एक इंची २८.६. म्हणजे ३२ एमएमचा करडा पाइप एक इंची पांढऱ्या एल्बोत, म्हणजे कोपऱ्याच्या वळणात, घातला तर तो जातो, छान जातो, पण जवळजवळ दीड मिलिमीटर सैल जातो, आणि मग लोक ती फट सोल्यूशन ओतून भरतात. सोल्यूशन हे फट भरायचं लांबी-पुट्टीसारखं मटेरियल नाहीये, ते प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, आणि त्यासाठी दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट चिकटून असावे लागतात. एकच जात निवडा आणि निपलपासून शेवटच्या एल्बोपर्यंत त्याच जातीचं आणि शक्यतो एकाच कंपनीचं घ्या. मी पांढरा यूपीव्हीसी घेतो, फिटिंग सगळीकडे मिळतात आणि सॉकेट, म्हणजे पाइप आत जातो ते तोंड, खोल असतात. सोल्यूशनचा डबाही यूपीव्हीसीचाच, सीपीव्हीसीचा वेगळा असतो, डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचा.

काही लोक ऑनलाइन अमेरिकन बल्कहेड मागवतात. वस्तू चांगली असते पण आटे वेगळे. आपल्या बाजारातले आटे बीएसपी, त्यांचे एनपीटी, एक इंचीला आपल्याकडे इंचात ११ आटे आणि त्यांच्याकडे साडेअकरा. हाताने फिरवलं तर दोन-तीन फेरे नीट जातं आणि मग अडकतं, आपल्याला वाटतं घट्ट बसलं, आणि ते बसलेलं नसतंच, नुसतं फसलेलं असतं. पाऊण इंचीत आट्यांची संख्या सारखीच असते, १४, पण आट्यांचा कोन वेगळा, म्हणून तिथेही भरवसा ठेवू नका. बाहेरचं मागवायचंच असेल तर पाइप आत सरकवून सोल्यूशनने चिकटवायचा प्रकार घ्या, पण त्यातही सॉकेटचं माप इथल्या पाइपशी जुळवून बघा.

दोन गोष्टी अजिबात घ्यायच्या नाहीत. एक म्हणजे आत पितळी आटे बसवलेली फिटिंग, ज्याला ब्रास इन्सर्ट म्हणतात. पितळेत तांबं असतं आणि झिंगे, गोगलगायी आणि खाऱ्या पाण्यातले कोरल यांना तांबं अगदी थोडं असलं तरी बाधतं. दुसरं म्हणजे सुतळी आणि सफेदा. जुने प्लंबर लोखंडी पाइपला तेच लावायचे आणि अजूनही काही जण सवयीने काढतात, माशांच्या पाण्यात तो रंग नको.

बाकी यादीत एक बॉल व्हॉल्व्ह, दोन-तीन युनियन (पाइप न कापता हाताने खोलता येणारे जोड), टेफ्लॉन टेपची दोन रिळं, १२० नंबरचा पॉलिश पेपर, नवीन हॅक्सॉ ब्लेड, आणि एक जास्तीचा निपल. पाइप दहा फुटी येतो, ट्रान्सहार्बरच्या लोकलने ऐरोली-घणसोलीकडे घेऊन जायचा असेल तर दुकानातच तीन-तीन फुटाचे तुकडे करून घ्या, फक्त तिथे तो घाईत तिरका कापला जातो, म्हणून घरी जाऊन प्रत्येक टोक परत सरळ कापायचं हे धरून थोडा जास्तच घ्या.

दुकानातच निपलची फ्लँज, म्हणजे ती रुंद कॉलर, काउंटरच्या काचेवर पालथी ठेवून बघा. डुगडुगली तर दुसरा मागा. कॉलरवर साच्याची एक बारीक रेष असते, तिच्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर तिथूनच पाणी येणार. अशी रेष पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर कॉलर गोल गोल घासून काढता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

काच आणि भोक

टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला भोक पडत नाही, ड्रिल टेकवलं की अख्खी काच तांदळासारखी खाली येते. आपल्याकडे काचवाल्याकडून बनवून घेतलेल्या टाक्या बहुतेक साध्या काचेच्या असतात, पण कंपनीच्या तयार टाक्यांचा तळ कधी कधी टफन असतो. ओळखायचं कसं, तर लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, टाकीची ती बाजू त्याच्यासमोर आणा आणि पलीकडून पोलराइज्ड गॉगल लावून बघा, डोकं थोडं तिरकं करत. काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती टफन, नाद सोडा. शंका असली तरी सोडा.

नव्याने करणाऱ्याने तळाला भोक पाडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या काचेला वरच्या बाजूला पाडा. उद्या काही झालंच तर पाणी भोकाच्या पातळीपर्यंतच जाईल, तळाला असेल तर सगळी टाकी रिकामी होईल. भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात कमीत कमी भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा.

भोकाचं माप कुठल्याही तक्त्यावरून घेऊ नका. हातातल्या निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्यात एक ते दोन मिमी मिळवा, कारण एक इंची निपल दोन कंपन्यांचे दोन मापाचे असतात. भोक फार मोठं झालं तर गॅस्केटला, म्हणजे निपलच्या रबरी रिंगला, टेकायला काच उरत नाही.

नवीन टाकी बनवून घेत असाल तर काचवाल्याला निपल हातात देऊन टाकी चिकटवायच्या आधीच भोक पाडून घ्या, सगळ्यात सुरक्षित. तयार टाकीला घरी पाडायचंच असेल तर डायमंड होल सॉ लागतो, ड्रिल बॅटरीवरचं घ्या कारण इथे पाणी आणि वीज जवळजवळ आहेत, डोळ्याला गॉगल हवाच. टाकी आडवी करून घ्या, पुढची काच खाली गादीवर आणि भोक पाडायची ती मागची काच वर. आतल्या बाजूने भोकाच्या जागी मास्किंग टेपचे तीन-चार थर लावा. वरून मुलांच्या क्लेची गोल पाळ करून त्यात पाणी भरा. ड्रिल थोडं तिरकं धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पडू द्या आणि मग हळूहळू सरळ करा. वेग कमी, आणि दाब जवळजवळ नाहीच, ड्रिलचं स्वतःचं वजन पुरतं. पाणी दुधाळ झालं की बदला. आठ मिमीच्या काचेला दहा मिनिटं लागली तर लागू दे. शेवटचा एखादा मिलिमीटर राहिला की ड्रिल हातात उचलून धरल्यासारखं धरा, काच फुटते ती इथेच, आतल्या बाजूने कपची निघून. भोक पडल्यावर कडेवरून ओला पॉलिश पेपर फिरवा.

निपल बसवणं

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

भोकाच्या भोवतीची काच दोन्ही बाजूंनी स्पिरिटने पुसा आणि मग कोरड्या बोटाने गोल चाचपा. वाळूचा एक कण, सिलिकॉनचा जुना धागा, केस, काहीही लागलं तर परत पुसा. कॉलर टाकीच्या आत आणि नट बाहेर. रबराचं गॅस्केट कॉलर आणि काच यांच्यामध्ये, म्हणजे आत, पाण्याच्या बाजूला. हे उलटं झालं आणि रबर बाहेर नटाखाली गेलं की पाणी भोकात शिरतं, आट्यांवरून गोल गोल फिरत नटाच्या बाहेर येतं आणि मग नट कितीही आवळा, ते थांबत नाही. पाकिटात दोन रबरं आली तर दुसरं बाहेर लावलं तरी चालतं, काचेला गादी मिळते, पण नट आणि ते रबर यांच्यात पातळ प्लॅस्टिकचा वॉशर टाका नाहीतर नट फिरताना रबराला पीळ पडतो.

गॅस्केट कोरडंच बसवायचं. त्याला सिलिकॉन लावायचा मोह होतो, मला माहितीये, पण ओल्या सिलिकॉनवर रबर घसरतं आणि आवळताना एका बाजूला पळतं, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर काच साफ करता करता जीव जातो. निपलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपही नाही, इथे पाणी आटे अडवत नाहीत, रबर अडवतं.

आता नट हाताने फिरवा. काही निपलना उलटे आटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचे, म्हणून आधी टाकीबाहेर एकदा फिरवून बघून घ्या. एका हाताने आतली कॉलर धरून ठेवा, ती फिरता कामा नये. हाताने घट्ट झाला की पाव फेरा पुढे, फार तर अर्धा. बास. रबर कॉलरच्या कडेला सगळीकडे सारखं किंचित फुगलेलं दिसलं पाहिजे, टॉर्च मारून काचेतून बघा, रबराचा काळा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आणि सारखा काळाभोर दिसतो, जिथे फिका किंवा राखाडी दिसतो तिथे रबर काचेला टेकलेलं नाही.

माझ्या पहिल्या टाकीला, पाचपाखाडीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो तेव्हा, मी हे टॉर्च मारून बघणं केलं नव्हतं. पाणी भरलं, संध्याकाळी एक थेंब दिसला, मी पाना आणला आणि अजून अर्धा फेरा दिला. थेंब थांबला. झोपायच्या आधी परत दिसला, परत पाव फेरा. मग चार दिवस सगळं कोरडं होतं, मी निश्चिंत. पाचव्या दिवशी सकाळी खालच्या काकू वर आल्या, "अरे बाळा, तुझ्याकडे काही सांडलं का? आमच्या देवघराच्या वर ओल दिसतेय." टाकीच्या मागे हात घातला तर कॅबिनेटचं प्लाय फुगून मऊ झालेलं होतं. जास्त आवळल्यामुळे रबर एका बाजूला जिभेसारखं बाहेर आलेलं आणि दुसऱ्या बाजूला कॉलर उघडीच पडलेली, त्या फटीतून पाणी काचेला धरून सरळ खाली उतरत होतं, म्हणून वरून थेंब दिसतच नव्हता. काकूंचं छत मी रंगवून दिलं, त्यांनी एक शब्द वाकडा बोलला नाही, पण देवघराच्या वरची ती ओल मला आजही आठवते आणि म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय. थेंब दिसला तर आवळू नका. पाणी भोकाच्या खाली उतरवा, नट सोडा, रबर काढून धुवा, पुसा आणि परत पहिल्यापासून बसवा.

पाइप चिकटवणं

आधी सगळं सोल्यूशनशिवाय जुळवून बघा. सुका पाइप सॉकेटमध्ये पूर्ण जात नाही, सॉकेट आत निमुळता होत जातो म्हणून तो मध्येच अडतो, आणि हे चांगलं लक्षण आहे, जो सुकाच तळाला जाऊन टेकतो तो सैल आहे. मात्र मापं घेताना हे लक्षात ठेवा, चिकटवल्यावर पाइप अजून आत जाणार आणि सगळं लांबीला कमी भरणार. सॉकेटची खोली मोजून पाइपवर पेन्सिलने खूण करा, आणि एल्बो कुठल्या दिशेला वळणार त्याची एक उभी रेष पाइप आणि एल्बो दोघांवर ओढा.

पाइप सरळ कापायची सोपी युक्ती म्हणजे कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून तिच्या कडा जुळवायच्या आणि त्या कडेने कापायचं. कापल्यावर आतबाहेर निघालेले धागे चाकूने काढा आणि बाहेरच्या कडेला थोडा उतार द्या. हे नाही केलं तर ती धारदार कड आत जाताना सगळं सोल्यूशन खरवडून पुढे ढकलते आणि जॉइंट कोरडाच राहतो, बाहेरून मात्र छान चिकटल्यासारखा दिसतो.

खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. सॉकेटच्या आत पातळ हात, पाइपवर जरा भरपूर, आणि लगेच आत घालताना पाव फेरा फिरवून उभ्या रेषा जुळवायच्या, आणि मग तीस-चाळीस सेकंद दाबून धरायचं. नुसतं घातलं आणि सोडलं तर निमुळत्या सॉकेटमधून पाइप हळूच मागे सरकतो. तोंडाशी सोल्यूशनची बारीक गोल कड सगळीकडे दिसली पाहिजे. मग हात लावायचा नाही. उन्हाळ्यात एक पूर्ण दिवस, आणि पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मी दोन दिवस ठेवतो.

टाकीला निपल बसवल्यावर त्याच्यात पाइप चिकटवताना दाब द्यायला लागतो आणि तो दाब काचेवर येतो, म्हणून निपलमध्ये जाणारा छोटा तुकडा आधीच टेबलावर निपलला चिकटवून, सुकवून, मग ते सगळं एकत्र टाकीला लावायचं. फक्त नट त्या तुकड्यावरून आत येईल ना, हे चिकटवायच्या आधी बघा. युनियन मोठं असतं, ते भोकातून जात नाही आणि नटही त्यावरून जात नाही, म्हणून ते निपल टाकीला लावून नट आवळल्यावरच, तुकडा हाताने धरून चिकटवायचं.

युनियन कुठे लावायचं याचा नियम साधा, जे कधी ना कधी काढावं लागणार त्याच्या शेजारी. पंपाच्या वर एक, टाकीच्या निपलजवळ एक. युनियनमध्ये ओ-रिंग असते, तिला सिलिकॉन ग्रीस बोटावर घेऊन हलकं लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. आणि युनियनही हातानेच आवळायचं.

आटे आणि होज

जिथे आट्यांचं फिटिंग टाळता येत नाही, पंपाच्या तोंडाला वगैरे, तिथे टेफ्लॉन टेप. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, ताणून, पाच-सहा वेढे, पहिला आटा उघडा सोडून. उलटा गुंडाळला तर फिटिंग आवळताना टेप सुटून गोळा होतो. प्लॅस्टिकचे आटे हाताने घट्ट करून वर एक फेरा खूप झाला, त्याच्यापुढे बाहेरचा सॉकेट उभा चिरतो, आणि ती चीर कधी कधी आठवड्याने दिसते. आट्यांवर सोल्यूशन लावायचं नाही.

होज नोझलवर चढत नसेल तर टोक मिनिटभर कडक पाण्यात बुडवा, तेल-साबण नको. स्टीलची होज क्लिप नोझलच्या खाचांवर बसवा, अगदी टोकाला नाही. खाऱ्या पाण्यात स्टीलची क्लिपही गंजते, तिथे प्लॅस्टिकची लावा. पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये अर्धा फूट होजचा तुकडा असावाच, पंपाची थरथर त्यात जिरते, नाहीतर ती महिनोन्महिने जॉइंटवर काम करत राहते. आणि पाइप कॅबिनेटला क्लॅम्पने धरा. निपलवर पाइप लटकलेला नको, चार फूट पाइप पाण्याने भरला की त्याचं वजन काचेच्या भोकावर तरफेसारखं येतं.

लाइट गेली तर

हे फिटिंगमधून गळणं नाही, पण जमीन तेवढीच ओली होते. पंप बंद पडला की टाकीतलं पाणी रिटर्नच्या, म्हणजे पंपाकडून पाणी वर टाकीत नेणाऱ्या, पाइपने उलटं सम्पमध्ये यायला लागतं, रिटर्नचं तोंड पाण्याबाहेर येईपर्यंत. तीन बाय दीड फुटाच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास सव्वाचार लिटर, तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर एकवीस लिटर खाली येणार. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली तीन-चार मिमीचं भोक पाडा, पातळी तिथे आली की हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो, फक्त ते भोक शेवाळाने बुजतं, काडीने साफ करत जा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) एकट्यावर विसंबू नका, एक गोगलगाय अडकली की तो उघडा राहतो. खाली जाणारा ड्रेन रिटर्नपेक्षा एक साइज मोठा ठेवा, आणि जमलं तर दुसरा, थोडा वरच्या पातळीला, पहिला तुंबला तर पाणी घ्यायला. पंपाची वायर प्लगपर्यंत जाताना प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि घरात ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा ब्रेकर) नसेल तर टाकीच्या आधी तो बसवून घ्या.

पाणी भरून बघणं

मासे, वाळू, झाडं, काही नाही. टाकीखाली आणि प्रत्येक जॉइंटच्या खाली वर्तमानपत्र पसरा, कागदावर पडलेला थेंब सुकला तरी त्याचा गोल सुरकुतलेला डाग राहतो, टाइलवर राहत नाही. निपलच्या वर दोन बोटं पाणी येईल इतकं भरा आणि दोन तास सोडा. मग पूर्ण भरा, पंप बंदच, एक रात्र. सकाळी कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जॉइंटच्या खालच्या बाजूला टेकवा, पुसायचा नाही, नुसता टेकवायचा. डोळ्यांना न दिसणारी ओल टिश्यूवर लगेच काळपट दिसते. मग पंप चालू, पुन्हा एक दिवस. मग मुद्दाम दिवसातून चार-पाच वेळा पंपाचं बटण बंद करा आणि सम्पमध्ये पाणी कुठपर्यंत चढतं त्याची टेपने खूण करा, त्या खुणेच्या वर सम्पची कड राहिली पाहिजे. तीन दिवस वर्तमानपत्र कोरडं राहिलं की ते सगळं पाणी फेकून द्या, सोल्यूशनचा आणि नव्या प्लॅस्टिकचा अंश त्यात उतरलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये चिलर लावलेल्या टाकीच्या पाइपवर बाहेरून घाम येतो, लोक घाबरून फिटिंग खोलायला घेतात. पाइप पुसून जॉइंटपासून लांब, सरळ पाइपवर टिश्यू गुंडाळा, तोही तितकाच ओला झाला तर तो हवेतला दमटपणा आहे. खाऱ्या टाकीत उलट सोपं आहे, जिथून थेंब येतो तिथे पांढऱ्या मिठाची बारीक कड धरते.

थेंब सापडलाच तर तो कुठून निघतोय ते आधी शोधा, कुठे पडतोय ते नाही. जॉइंट पुसून कोरडा करा आणि वरून खाली एकेक टिश्यू लावत जा, सगळ्यात वरचा जो ओला होईल तिथे दुखणं आहे. निपल असेल तर वर सांगितलं तसं सोडून परत. आटे असतील तर पूर्ण खोलून जुना टेप खरवडून नवा. युनियन असेल तर ओ-रिंग काढून तिच्या खाचेतला कचरा बघा. चिकटवलेला जॉइंट असेल तर त्यावर बाहेरून सोल्यूशन किंवा एम-सील थापू नका, तात्पुरतं थांबतं आणि महिन्याभराने भलत्या वेळी सुटतं. दोन्ही बाजूंनी चार-चार इंच सोडून तो तुकडा कापून काढा आणि दोन कपलरने नवा घाला. कापलेला तुकडा फेकायच्या आधी हॅक्सॉने उभा चिरून बघा, सोल्यूशन जिथे लागलंच नव्हतं तिथे पाइप आतून चकचकीत राहिलेला दिसतो, आणि पुढच्या जॉइंटला ब्रश कुठे फिरवायचा राहतो ते कळतं.